आभाळाच्या मागची बाजू

१

जानकी परब शनिवारी साडेदहाला वाचनालयात आली, तेव्हा इरावतीबाई डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या होत्या म्हणायलाही हरकत नाही, फक्त त्यांच्या तोंडावर म्हणू नका. विमा कंपनीच्या क्लेम खात्यात तेहतीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि तिथे एकच विनोद कायम चालायचा: बाईंना डुलकी लागली की केस सुटली. गंमत म्हणजे ते खरं होतं. आधी कागद नीट वाचायचे, मग डोळे मिटून त्यांना आपापसात बोलू द्यायचं, एवढीच त्यांची पद्धत. आता अंधेरी पूर्वेच्या ह्या छोट्या वाचनालयात दर शनिवारी टेबल मांडून त्या लोकांचे फॉर्म भरून देत.

"बाई," जानकी म्हणाली, "माझ्या घोवाने नोकरी सोडली होती की नाही, एवढंच मला सांगा."

इरावतीबाईंनी डोळे उघडले. असल्या प्रश्नाचा फॉर्म अजून कुणी छापलेला नाही.

"बस आधी," त्या म्हणाल्या. "पाणी घे. मग पहिल्यापासून सांग."

जानकीचा नवरा नंदू मरोळजवळच्या पद्मराग स्टुडिओत आभाळं रंगवायचा. शूटिंगच्या खिडकीमागे जी पहाट दिसते, संध्याकाळ दिसते, ती कापडावर काढायचं काम. सव्वीस वर्षं त्याने तेच केलं. गेल्या महिन्यात, दत्तजयंतीच्या संध्याकाळी, तो आरेतल्या घरी जायला बसमध्ये बसला. बस झाडांखालून चालली होती, नंदू खिडकीशी डोकं टेकून होता. शेवटच्या स्टॉपवर कंडक्टरने खांदा हलवला, तेव्हा कळलं की माणूस वाटेतच कुठेतरी गेला.

"झोपल्यासारखाच दिसत होता म्हणे," जानकी म्हणाली. "तेवढं एक बरं झालं."

स्टुडिओचा स्वतःचा निवृत्ती फंड होता आणि त्या फंडातच आयुष्याचा विमा होता. नोकरीत असेपर्यंत विमा, नोकरी सुटली की त्याच दिवशी तोही सुटला. जानकीने फॉर्म भरून दिला. उत्तर आलं ते तिने टेबलावर ठेवलं. 'श्री. परब यांनी २१ नोव्हेंबर रोजी राजीनामा दिल्याने त्या दिवसापासून त्यांचे विमासंरक्षण संपुष्टात आले आहे.'

नंदू गेला चार डिसेंबरला.

"पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे, त्यासाठी विमा हवाय, खोटं कशाला बोलू?" जानकी म्हणाली. "पण बाई, एकवीस तारखेपासून बारा डबे दिलेत मी त्याला. दोन रविवार सोडले तर रोज. काम सुटलेला माणूस बारा दिवस डबा घेऊन कुठे जात होता? माका सांगल्यान का नाय?"

"राजीनामा कुणी पाहिलाय?"

"तेच तर," जानकी म्हणाली. "ते म्हणतात, अक्षर त्याचंच आहे. सहीपण त्याचीच."

२

दुपारी इरावतीबाई तिच्याबरोबर आरेत गेल्या. गोठ्यांच्या पलीकडे दोन खोल्यांचं घर, दारात तगर, आणि अशी शांतता की अंधेरी पंधरा मिनिटांवर आहे हे खरं वाटू नये. इरावतीबाईंना तिथे पाय ठेवल्या ठेवल्या जांभई आली.

भिंतीवर एका म्हातारीचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. "सासूबाई," जानकी म्हणाली. "ह्या महिन्यात तीन वर्षं होतील. फोटो लावला तेव्हापासून घरातलं महत्त्वाचं काय असेल ते त्यांच्याच चौकटीत खोचायचं, असा त्याचा नियम. आई राखण करते म्हणायचा." चौकटीत लाइटचं बिल होतं, पोरीचा कॉलेजचा कागद होता आणि फंडाच्या विम्याची दोन कार्डं होती. दर एप्रिलला नवीन येतं म्हणे. इरावतीबाईंनी ती हातात घेऊन पाहिली आणि होती तशी ठेवली.

फळीवर स्टीलचा डबा होता. पोलिसांनी पिशवीतून परत दिला तसाच, कडी लावलेला.

"उघडला नाहीस?"

"नाही." जानकी तिकडे बघेना. "तो रोज डबा धुऊन आणायचा. आणि त्यात खडूचा तुकडा ठेवायचा, त्यावरून रोज माझं भांडण. आता उघडला आणि जेवण तसंच निघालं तर? बागेत बिगेत बसून राहिला असेल, घास गेला नसेल, तर मी काय करू?"

इरावतीबाईंनी आग्रह केला नाही. "त्याने कधी राजीनाम्याचा विषय काढला होता?"

जानकी चक्क हसली. "दर वर्षी द्यायचा की! गणपतीला गावाला पंधरा दिवस रजा कोण देतो? मालकाचा नियम आठ दिवसांचा. मग श्यामकांतकाकांनी, म्हणजे मॅनेजरांनी, तोड काढलेली. जाताना तारीख न घालता राजीनामा लिहून द्यायचा. काका तो ड्रॉवरमध्ये ठेवणार. वेळेवर परत आला की सगळ्यांसमोर फाडायचा आणि मालवणी खाजा खायचा. सव्वीस वर्षं चाललंय."

इरावतीबाई ताठ बसल्या. "मग गेल्या गणपतीचं पत्र ड्रॉवरमध्येच राहिलं, दुसरं काय!"

"तसं कसं राहील?" जानकी म्हणाली. "सप्टेंबरात फाडलं ना ते. मी स्वतः होते तिथे. खाजे घेऊन गेले होते. तुकडे माझ्या पदरात टाकले काकांनी, म्हणाले, घ्या वहिनी, नवरा परत घ्या."

३

फाडलेलं पत्र फाइलमध्ये कसं येतं? सोमवारी जानकीबरोबर स्टुडिओच्या पायऱ्या चढताना इरावतीबाईंच्या डोक्यात हेच घोळत होतं. नंदूने दुसरं लिहिलं असलं, तर जानकीचा संसार शेवटच्या बारा दिवसांत खोटा ठरत होता. नाहीतर कुणीतरी काहीतरी केलं होतं.

ऑफिसात गंधाली होती. पंचविशीची, चटपटीत, गळ्यातल्या ओळखपत्राशी सारखी खेळणारी. त्याच प्लास्टिकच्या पाकिटात तिचं फंडाचं कार्डही होतं. तिने फाइल मुकाट्याने समोर ठेवली.

रेघांचा कागद, कोपऱ्यात निळ्या रंगाचा अंगठा. जानकीने तो अंगठा पाहिला आणि तोंडाला पदर लावला. इरावतीबाईंनी चष्मा पुसून सगळं वाचलं. त्या कागद पुरा वाचायच्या, ही त्यांची जुनी खोड.

'मा. व्यवस्थापक साहेब, गावी आईजवळ राहण्याची गरज असल्याने मी नोकरी सोडत आहे. इतकी वर्षे सांभाळून घेतलेत, आभारी आहे. आपला, नंदकिशोर परब.'

तारीख हाताने घातलेली नव्हती. खाली ऑफिसचा आवक शिक्का होता, एकवीस नोव्हेंबरचा.

"शिक्का कुणाकडे असतो?"

"माझ्या टेबलावर," गंधाली म्हणाली आणि लगेच गडबडली. "पण मॅडम, चाकं फिरवून कुणीही कुठलीही तारीख लावेल. मी नाही हां लावली! फाइल माझ्याकडे आली तेव्हा पत्र आत होतं."

"आणि जानकीचा फॉर्म विमा कंपनीने परत पाठवला?"

"तिथपर्यंत गेलाच नाही तो. काका म्हणाले, नोकरीत नसलेल्या माणसाचा फॉर्म पुढे कशाला पाठवायचा? इथूनच उत्तर दिलं."

तेवढ्यात मालकांचा पुतण्या मुकुल आला. हल्ली सगळा कारभार तोच बघायचा. त्याने जानकीला नमस्कार केला, पण घड्याळाकडे बघत.

"वाईट झालं, खरंच. पण मी स्पष्ट सांगतो, रंगवलेले पडदे आता कोण वापरतं? मार्चमध्ये एलईडीची भिंत येतेय. त्या दोघा पेंटरना कमी करायचंच होतं मला. हा स्वतःहून गेला, माझं काम सोपं झालं."

असा माणूस समोर आला की त्याच्यावर संशय घेणं किती सोयीचं असतं! इरावतीबाईंना त्या सोयीचाच राग आला. त्यांनी विचारलं, "त्याने पत्र दिलं तेव्हा तुम्ही होतात?"

"छे. मी हैदराबादला होतो दोन आठवडे. काकांच्या हातात दिलं ना त्याने."

४

श्यामकांतकाका अडुसष्ट वर्षांचे, पांढरा शुभ्र शर्ट, कपाळावर बारीक गंध. स्टुडिओचे मॅनेजर तेच आणि फंडाचे चिटणीसही तेच. जानकीला पाहून ते खुर्चीतून उठले आणि स्वतः चहा सांगायला बाहेर गेले. इतकं साधं, सज्जन माणूस इरावतीबाईंनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"विचारू नका मला," काका म्हणाले. "पत्र माझ्याच हातात दिलं त्याने. शुक्रवार होता. डोळे भरलेले. मी म्हटलं, अरे वेड्या, काय झालं? तर म्हणाला, काका, घरी सांगू नका."

जानकीने कप खाली ठेवला.

"घरी सांगू नका, असं म्हणाला?"

"हो वहिनी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी आजवर बोललो नाही."

"त्यानंतर तो इथे आला नाही?" इरावतीबाईंनी विचारलं. "हजेरी असेल ना?"

काकांनी ड्रॉवरला किल्ली लावून वही काढली. रंगवाल्यांचे हात सदा रंगाचे, ते सही कसली करणार! म्हणून त्यांची हजेरी काकाच मांडायचे. वीस तारखेपर्यंत नंदूच्या नावापुढे बरोबरच्या खुणा होत्या आणि पुढे कोरं होतं.

"ड्रॉवरची दुसरी किल्ली?"

"नाही. चाळीस वर्षं ही एकच, माझ्या जानव्याला."

बाहेर येऊन जानकी जिन्यातच बसली. "बाई, विमा गेला खड्ड्यात. मला काही नको. सव्वीस वर्षं एका ताटात जेवलो आम्ही. नोकरी सुटली हे त्याने परक्याला सांगितलं आणि मला नाही?"

इरावतीबाई तिच्याजवळ बसल्या. तेहतीस वर्षांत हजार बायका त्यांच्यासमोर रडल्या होत्या, सगळ्या गेलेल्या माणसासाठी. ही त्याच्यावर रागावून रडत होती आणि ते बघवत नव्हतं.

"मला दोन दिवस दे," त्या म्हणाल्या. "आणि हे सांग, नंदूबरोबर दुसरा कोण रंगवायचा?"

"प्रीतम. खारदांड्याचा. पण तो तर तेव्हा इथे नव्हताच!"

५

प्रीतमचं घर खारदांड्याच्या अगदी टोकाला. दारात जाळी, अंगणात वाळत घातलेले बोंबील. तिशीतला, दाढीवाला प्रीतम पायरीवर बसून ब्रश साफ करत होता. नंदूचं नाव निघताच त्याने ब्रश खाली ठेवला.

"माझी तर वाट लागली मावशी, नंदूदादा गेल्यापासून. आभाळ कसं काढायचं ते त्यानेच शिकवलं. एकोणीस नोव्हेंबरपासून मी इथेच होतो, किनाऱ्यावर शूटिंग होतं, होड्या रंगवून द्यायच्या होत्या. सहा डिसेंबरला परत गेलो, तर काका म्हणाले, दादाने राजीनामा दिला आणि वर तो गेलासुद्धा. आभाळघराला कुलूप घातलेलं."

आभाळघर म्हणजे स्टुडिओच्या मागची पडदे रंगवायची शेड. तिला आरेच्या बाजूने वेगळं फाटक होतं. नंदू तिथूनच यायचा नि तिथूनच जायचा, काका सोडून ऑफिसातल्या कुणाला पत्ता लागायचा नाही. डबाही आतच खायचा.

"तुला पटतं, त्याने राजीनामा दिला?"

"काय माहीत, यार... सॉरी, मावशी. माणसाच्या पोटात काय असतं कुणाला कळतं? पण त्या वीस तारखेला नवं कापड यायचं होतं, पहाटेच्या आभाळाचं. दादा त्यासाठी महिनाभर हवेत होता. ते टाकून जाईल?"

"आणि दर वर्षीचं ते राजीनाम्याचं नाटक? पत्र नेहमी फाडलं जायचं?"

"नेहमी! मीपण द्यायचो, नारळी पौर्णिमेला. खाजे खाऊन दात दुखायचे." प्रीतम आठवून हसला. "फक्त एकदा राहिलं. कोरोनाच्या वर्षी. दादाची आई आजारी होती म्हणून तो शिमग्यालाच गेला आणि अडकला तिकडे, आठ महिने. परत आला तेव्हा सगळे मास्क लावून लांब लांब उभे. कुठले खाजे नि कुठलं काय."

इरावतीबाईंनी पर्स आवळून धरली. काहीतरी हललं होतं, पण अजून नाव सांगत नव्हतं.

"बरं, तुझं फंडाचं कार्ड बघू."

प्रीतमने पाकीट चाचपलं. "जुनंच आहे. गेल्या एप्रिलचं आलंच नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, येईल रे, छपाई राहिली असेल."

"आभाळघर उघडता येईल?"

प्रीतमने इकडेतिकडे पाहिलं. "काकांनी नाही म्हटलंय. पण दादाने दिलेली एक किल्ली आहे माझ्याकडे."

६

दुपारी तीनला ते मागच्या फाटकातून आत शिरले. शेडमध्ये आभाळं टांगलेली होती. एक पावसाळी, एक संध्याकाळचं, एक भर दुपारचं. त्यांच्यामधून चालताना इरावतीबाईंना वेळेचं भान राहीना, चार पावलांत दिवस मावळून पुन्हा वर यायचा. शेवटी पहाट होती. प्रीतम तिच्यापुढे थांबला.

"पुरी झालीये," तो म्हणाला. "मावशी, ही पुरी झालीये."

खाली कापडाच्या कडेला दुकानाची पावती टाचलेली होती. वीस नोव्हेंबर.

"कुणी म्हणेल, एका दिवसात रंगवलं," इरावतीबाई म्हणाल्या. "कुणी म्हणेल, दुसऱ्याने रंगवलं. मला जरा बसू दे."

त्या नंदूच्या बाकावर बसल्या. समोर गुलाबी, त्यावर फिकट निळं, आणि मध्ये तो रंग, ज्याला नाव नाही पण जो रोज पहाटे मिनिटभर असतो. त्यांचे डोळे मिटले. आता हसायचं तर हसा, पण त्यांना चंदनाचा हार घातलेली म्हातारी दिसली. ती चौकटीतून वाकली आणि चिडून म्हणाली, "आगो, माझ्याकडे रवाक येतलो कसो? मी आसंय खंय?" मग तिने चौकटीतली कार्डं काढून मोजायला दिली. तीन वर्षं, आणि कार्डं दोन.

इरावतीबाई खाडकन जाग्या झाल्या. "अगंबाई! अगं बाई गं!"

"काय झालं?" प्रीतम धावत आला.

त्या कापडाकडे बघत होत्या. छपराच्या काचेतून ऊन आलं होतं आणि कापडाच्या मागून त्यात काहीतरी उमटलं होतं. पहाटेच्या पोटात, खालच्या कडेला, ओळीने बारीक गोल.

"प्रीतम, ह्या आभाळाच्या मागे काय आहे?"

"मागे? मागे काही नसतं." मग तो थांबला. "दादा काहीतरी करायचा मागे जाऊन, रोज सकाळी. खडू घेऊन. मला वाटायचं देवाचं काहीतरी असेल, म्हणून मी कधी पाहिलं नाही."

७

मंगळवारी चार वाजता इरावतीबाईंनी सगळ्यांना आभाळघरात बोलावलं. मुकुल फोन हातात धरून आला, गंधाली फाइल घेऊन, जानकी प्रीतमच्या आधाराने. श्यामकांतकाका सगळ्यात शेवटी आले आणि पहाट बघताच दारातच थांबले.

"काका, आत या," इरावतीबाई म्हणाल्या. "हे पत्र मी वाचून दाखवते. 'गावी आईजवळ राहण्याची गरज असल्याने.' जानकी, तुझ्या सासूबाई कुठे असतात?"

जानकी गोंधळली. "सासूबाई? बाई, तुम्ही फोटो बघितलात ना. त्यांना जाऊन..." आणि ती थांबली. तिने पत्र हातात घेतलं आणि पहिल्यांदा नीट वाचलं. ऑफिसात तिला निळ्या अंगठ्यापलीकडे काही दिसलंच नव्हतं.

"तीन वर्षांपूर्वी गेलेल्या आईजवळ राहायला कुणी आज नोकरी सोडत नाही. हे पत्र कोरोनाच्या वर्षीचं आहे, शिमग्याचं. तेवढं एकच फाडायचं राहिलं. आणि ते ज्या ड्रॉवरमध्ये राहिलं, त्याला एकच किल्ली आहे."

कुणी काकांकडे बघितलं नाही. बघायची लाज वाटावी असा त्यांचा चेहरा झाला होता.

"गंधाली, फाइल तुझ्याकडे कधी आली?"

"आठ डिसेंबरला," गंधाली हळूच म्हणाली. "म्हणजे... नंदूदादा गेल्यानंतर."

"पण तो तेव्हा कामावर येत होता ह्याला पुरावा काय?" मुकुलने विचारलं. चांगला प्रश्न होता, इरावतीबाईंनी मान डोलावली.

"या मागे."

आभाळाच्या मागची बाजू म्हणजे कोरं, मळकट कापड. खालच्या कडेला काळ्या खडूने काढलेली ओळ होती. आधी भरलेलं काळं वर्तुळ. मग केसाएवढी कोर. मग जाडसर. मग एक जागा मोकळी. पुन्हा कोर, वाढत वाढत अर्धा चंद्र, पुन्हा एक मोकळी जागा, आणि मग फुगत जाऊन शेवटी पुरा गोल.

"माझा बाबा असाच होडीवर काढायचा, भरतीचा अंदाज ठेवायला," प्रीतम पुटपुटला. "दादाचे वडीलपण नावेवर होते."

"ही नंदूची हजेरी," इरावतीबाई म्हणाल्या. "कापड आलं वीस तारखेला, त्या दिवशी अमावास्या होती. त्याआधीचा चंद्र ह्या कापडावर असणं शक्य नाही. शेवटचा चंद्र पौर्णिमेचा, म्हणजे दत्तजयंतीचा. दोन मोकळ्या जागा, तेवीस आणि तीस तारीख. दोन्ही रविवार. जानकी, अमावास्या सोडून मोज."

जानकीने एकेका चंद्रापाशी बोट नेलं, टेकवलं नाही. ओठ हलत होते. "बारा," ती म्हणाली. "बारा डबे." आणि मग ती जी रडली, ते महिनाभराचं साचलेलं होतं. गंधालीने तिला धरलं.

"पण काकांना ह्यात काय मिळालं?" मुकुलचा फोन आता खिशात गेला होता.

"काही नाही. काका, गंधालीकडे गेल्या एप्रिलचं कार्ड आहे. नंदूकडे नाही, प्रीतमकडे नाही. रंगखात्यातल्या दोघांकडेच नाही. दर एप्रिलला विमा कंपनीला नावांची यादी तुम्ही पाठवता. रंगखातं शेवटच्या पानावर असणार."

काका नंदूच्या बाकावर बसले.

"पान टेबलावरच राहिलं," ते म्हणाले. "पाकीट बंद केलं, पाठवलं, आणि आठ दिवसांनी पान सापडलं. म्हटलं, उद्या पाठवू. मग लाज वाटली. चाळीस वर्षांत एक चूक नाही, मुकुलशेठ काय म्हणतील? दोघंही धडधाकट, पुढच्या एप्रिलला आपोआप येतील यादीत. कुणाला काय होतंय, असं म्हटलं मी." त्यांनी पहाटेकडे पाहिलं. "आणि तो गेला. फॉर्म पुढे पाठवला असता तर तिकडून उत्तर आलं असतं, ह्या नावाचा माणूसच नाही."

"पत्रात आई आहे, हे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं. तिच्या तेराव्याला मीच रजा दिली होती त्याला. पण पत्र कोण वाचतं, इरावतीबाई? तारीख बघतात आणि सही बघतात. शिक्का मारला, हजेरीचं पान नव्याने मांडलं, इथे कुलूप लावलं, पण आत यायची माझी हिंमत झाली नाही."

जानकी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "चूक झाली ती झाली काका. माणसाकडून होते. पण 'घरी सांगू नका' म्हणाला, हे का सांगितलंत मला? विमा बुडाला असता तर मी चार घरची कामं केली असती. तुम्ही माझा माणूसच खोटा केलात."

काकांनी हात जोडले, जानकीने ते पाहिले आणि मान फिरवली. काही गोष्टींना लगेच माफी नसते, आणि ती मागूही नये.

मुकुल पुढे आला. "मॅडम, आता कायद्याने काय?"

"फंडाच्या नियमपुस्तकात आहे. नाव पाठवायची जबाबदारी संस्थेची, ते चुकलं तर विम्याइतकी भरपाई संस्थेने द्यायची. काका आज लेखी देतील. आणि प्रीतमचं नाव उद्याच्या उद्या यादीत. तुमची एलईडीची भिंत लागेपर्यंत तो नोकरीत आहे आणि आत्ता ह्या क्षणी त्याच्या डोक्यावर विम्याचं छत्र नाही."

प्रीतमला हे तोवर सुचलंच नव्हतं. त्याने आपल्या छातीवर हात ठेवला.

"देतो," मुकुल म्हणाला. त्याने पुन्हा एकदा त्या ओळीकडे पाहिलं. "आणि हा पडदा कुणी धुवायचा नाही."

८

संध्याकाळच्या बसने इरावतीबाई जानकीला सोडायला गेल्या. झाडांखालून बस चालली होती आणि जानकी खिडकीशी बसली होती, नंदू बसायचा तशी. इरावतीबाईंना डुलकी आली तरी त्यांनी येऊ दिली नाही.

घरी येऊन जानकीने दिवा लावला, सासूबाईंच्या फोटोला हात जोडले आणि फळीवरचा डबा काढून मांडीवर घेतला. तिने इरावतीबाईंकडे पाहिलं.

"थांबाल ना?"

"थांबते."

कडी घट्ट बसली होती. दोनदा जोर लावल्यावर ती उघडली. डबा धुतलेला होता. तिन्ही पुडं स्वच्छ, एकात एक नीट बसवलेली, आणि सगळ्यात खालच्या पुडात खडूचा नखाएवढा तुकडा.

"बघितलंत?" जानकी म्हणाली, आणि तिचा आवाज जुन्या भांडणाचाच होता. "हजारदा सांगितलं ह्या माणसाला, डब्यात खडू ठेवू नको म्हणून."

तिने तो तुकडा उचलला आणि चौकटीत, सासूबाईंच्या पायाशी, दोन कार्डांच्या मध्ये ठेवला. मग डबा घेऊन ती मोरीकडे वळली आणि धुतलेलाच डबा पुन्हा धुवायला बसली.